ओस गावातली भुलाबाई

त्या वर्षी आम्ही गाव सोडून माळावर गेलो आणि भुलाबाई घरातल्या कोनाड्यातच राहिली. धान्य घेतलं, जातं घेतलं, म्हातारी गाय घेतली. भुलाबाईची आठवण झाली तेव्हा गाडी वेशीबाहेर आली होती, आणि माघारी वळायची कुणाची छाती नव्हती.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव जाफराबादच्या बाजूला, टेंभुर्णीहून सकाळी गाडी जुंपली तर जेवणाच्या आत पोचावं एवढ्या अंतरावर. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. लग्न ठरलं होतं, म्हणजे माहेरची ही माझी शेवटची भुलाबाई. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी कोनाड्यात बसवायचे आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज दिवेलागणीला गल्लीतल्या मुलींनी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची. शेवटी घरची बाई खिरापतीचा डबा कानाशी हलवून विचारायची, ओळखा आत काय आहे. ओळखेपर्यंत डबा उघडायचा नाही.

आम्हाला गाणी शिकवली ती आत्याने. माझ्या वडिलांना सगळं गाव दादा म्हणायचं, आम्हीही दादाच म्हणायचो. आत्या त्यांची धाकटी बहीण. सासरहून तिला परत पाठवलं होतं. तिच्या नणंदेनेच घराबाहेर काढलं असं बायका म्हणायच्या. आत्या स्वतः त्यावर कधी बोलली नाही. दादा आणि काका या दोन भावांकडे ती पाळीपाळीने राहायची. एका पुनवेपासून दुसऱ्या पुनवेपर्यंत आमच्याकडे, मग कपड्यांचं बोचकं उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला, नदीकडच्या गल्लीत काकांकडे. दोन्ही घरं तिला जेवू घालत. तिची वाट मात्र कुठल्याच घरात बघितली जात नसे, हे मला फार नंतर कळलं.

भुलाबाईच्या एका गाण्यात सासरची माणसं एकामागून एक येतात. आम्ही मुली सासऱ्यानंतर सासू म्हणायचो, मग दीर, जाऊ, शेवटी नणंद. आत्या मात्र नणंदेलाच पुढे आणायची आणि सासू मागून. त्या ओळीवर तिचा आवाज आमच्या आवाजांवर आदळायचा. आम्ही हसायचो. ती हसायची नाही, पण बदलायचीही नाही.

पुनवेला तिची पाळी बदलायची होती. पण भुलाबाई त्याच दिवशी बसली, म्हणून माय म्हणाली, "चार दिवस ऱ्हा, पोरींना गाणी सांगा, मंग जा." ती राहिली. पाचव्या दिवशी पहाटे, आम्ही झोपेतून उठायच्या आत, ती बोचकं घेऊन काकांकडे गेली.

त्याच सकाळी आमच्या अंगणात भर उजेडात एक उंदीर आला. माणसांना पाहून पळाला नाही. अंगणाच्या मधोमध तीन-चार गिरक्या घेतल्या आणि आडवा झाला. दादा दात घासत होते. तोंडातली राख तशीच ठेवून ते त्याच्याकडे बघत राहिले. सरकारी कागदात या दुखण्याला ताऊन म्हणायचे, आम्ही पलेग. उंदीर पडला की गाव सोडायचं, हे लहान पोरांनाही माहीत होतं. दुपारी दवंडी पिटली आणि ऊन कलायच्या आत गाव रिकामं झालं.

"बाईचं काय?" दादांनी गाडी जुंपताना विचारलं. आत्याला ते बाई म्हणायचे.

"त्या गेल्त्या सकाळीच भावजीकडं," माय म्हणाली. "ते नदीपार शेतात गेले म्हणं, पानी चढायच्या आत. त्यांच्यासंगं गेल्या असतील."

दादांनी मान हलवली. एवढंच बोलणं झालं. ते बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं आणि तरी सगळं चुकलेलं होतं.

आमच्या झोपड्या माळावर पडल्या. मसणवट्याच्या वाटेनेच माळावर जावं लागायचं, म्हणून एरवी तिकडे कुणी राहायला गेलं नसतं. पण उंच होतं, वारं होतं. गावातल्या निम्म्या घरांनी तिथे खोपी घातल्या. उरलेले नदीपलीकडे किंवा आपापल्या शेतात पांगले. नदीला पूर होता, त्यामुळे पलीकडच्यांची खबर येत नव्हती. सरकारचा अंमलदार, गिरदावर, घोड्यावरून येऊन सांगून गेला की हुकूम होईपर्यंत कुणी गावात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर त्याला परत माळावर घ्यायचं नाही.

झोपड्या उताराच्या मागच्या अंगाला होत्या. तिथून चार पावलं वर गेलं की खाली गाव दिसायचं. मी रोज बघायचे. घरं तीच, लिंबं तीच, देवळाचा कळस तोच. फक्त एकाही छपरातून धूर निघत नव्हता. पहिले दोन दिवस मागे राहिलेली कुत्री भुंकली. तिसऱ्या दिवसापासून तीही गप्प झाली. भर दुपारी उन्हात गाव असं पडलेलं असायचं की त्याच्याकडे फार वेळ बघवायचं नाही. तिकडून कुणी आपल्याकडेच बघतंय असं वाटायचं.

पितरांचा पंधरवडा चालू होता. एरवी त्या दिवसांत गाणी कमी असली तरी भुलाबाई थांबत नाही. आम्ही मुलींनी आयांच्या मागे लागून परवानगी काढली. काळ्या मातीची नवी भुलाबाई केली. ती नीट वाळली नाही, तिचं नाक ओघळलं. तिला एका दगडावर बसवून आम्ही उताराच्या कडेला सूर्य बुडताना गाणी धरली. टिपऱ्या गावात राहिल्या होत्या, म्हणून तुरीच्या काड्या वाजवल्या.

दुसरं गाणं चालू असताना आमच्यातली एक मुलगी खोकायला लागली आणि गाणं मधेच तुटलं. वारा पडला होता. तेवढ्यात खालून, गावातून, पुढची ओळ ऐकू आली.

आवाज बारीक होता. आम्ही एकमेकींची तोंडं बघितली. एक म्हणाली, "देवळाची भिंत बोलून राह्यली." देवळाच्या भिंतीवरून आवाज परत येतो हे आम्हाला ठाऊक होतं, उतारावर उभं राहून हाका मारायचा खेळ आम्ही खेळलो होतो. पण भिंत आपण म्हटलेलं मागे म्हणते. हे पुढचं म्हणालं होतं.

आम्ही भुलाबाई तिथेच टाकून पळालो.

बायकांनी आमच्यावरून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. गाणी बंद झाली. दुसऱ्या दिवशी सूर्य बुडताना सगळ्या झोपड्या कान देऊन बसल्या, आणि आम्ही गात नसतानाही खालून गाणं आलं. सलग नाही. दोन ओळी, मग शांत, मग पुन्हा एखादी. जसं गाणारी मधे थांबून कुणाची तरी वाट बघते. एका म्हाताऱ्याने सांगितलं की गावदेवी गाव झाडून घेतेय, कुणी बोलू नका. दोन पुरुषांनी शपथेवर सांगितलं की आमच्या गल्लीत त्यांनी दिवा फिरताना पाहिला. मी दिवा पाहिला नाही. मी फक्त आवाज ऐकला.

तिसऱ्या दिवशी आजोबांची तिथ होती. मायने घास काढला, पण माळावर कावळे नव्हते. ते सगळे गावात होते. मग दादांनी पत्रावळ उताराखाली, वेशीअलीकडच्या दगडावर नेऊन ठेवली. संध्याकाळी बघायला गेले तर पत्रावळ रिकामी होती. रिकामी आणि धुतलेली. पालथी घालून तिच्यावर एक दगड ठेवलेला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून.

लोक म्हणाले, पितर पावले. माय मात्र चुलीशी बसून हळूच म्हणाली, "मामंजींनी उभ्या जन्मात पत्रावळ धुतली न्हाई."

तिने हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण मी चुलीपासून लांब सरकले, कारण त्याच संध्याकाळी गाण्यात सासरची माणसं आली होती. आधी नणंद आली. सासू मागून.

मी चार दिवस बोलले नाही. आत्या नदीपार काकांकडे आहे असं सगळे म्हणत होते. मग गावात तिचा आवाज कसा? माझ्या डोक्यात एकच उत्तर येत होतं, की ती मेली आहे. आणि मला असं वाटायचं की मी तोंडाने तिचं नाव घेतलं तर ते खरं होईल. नाही घेतलं तर ती काकांच्या शेतात भाकरी थापत बसलेली राहील. रोज सूर्य उतरायला लागला की मी गोधडीत डोकं खुपसायचे. आवाज दिवसेंदिवस लहान होत चालला होता. पाचव्या दिवशी आलाच नाही. त्या शांततेला मी जास्त भ्याले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांपाशी गेले आणि सांगितलं, "दादा, ती आत्या व्हती."

ते रागावले नाहीत. "कशावरून?" एवढंच विचारलं. मी नणंद आणि सासूचं सांगितलं. दादा जागचे उठले, पायताणसुद्धा न घालता उतार उतरले आणि नदीकडे चालू लागले. मी मागे पळाले.

नदी दोन्ही काठ भरून चालली होती. पलीकडे काकांच्या शेतात झोपडी दिसत होती. दादांनी तोंडाशी हात धरून हाक मारली. बऱ्याच वेळाने काका काठाशी आले.

"बाई बरी हाय ना?" दादा ओरडले.

पाण्याच्या आवाजात काकांना ऐकू गेलं नाही. दादांनी पुन्हा विचारलं. काका दोन पावलं पाण्यात आले आणि तिकडून त्यांचा आवाज आला, "माझ्याकडं कुटं? तुमच्याकडं हाय ना?"

दोघे भाऊ तसेच उभे राहिले. मधून पाणी जात होतं.

दादा तिथून सरळ वेशीवर गेले. हुकुमाचं त्यांना भान नव्हतं, पण वेशीच्या आत पाय टाकताना ते थबकले, माझ्यामुळे असेल. त्यांनी बहिणीला हाक मारली. दोनदा, चारदा. दुपारची वेळ होती. समोरची गल्ली सरळ आत गेली होती, दारं बंद, ओट्यांवर गवत उगवलेलं. हाक आत जायची आणि तिथेच संपायची. कावळेसुद्धा उडाले नाहीत.

दादा माझ्याकडे वळले. त्यांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. "तू गा," ते म्हणाले.

पहिली ओळ नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा आवाज फुटला. मी सासरच्या माणसांचं तेच गाणं धरलं होतं, का ते सांगता येत नाही. सासऱ्याची ओळ झाली आणि मी थांबले.

बराच वेळ काही झालं नाही. मग आत कुठेतरी, आमच्याच घराच्या दिशेला, कुणीतरी नणंदेची ओळ म्हटली.

मी पुढची म्हटली. पुढची तिकडून आली. प्रत्येक ओळीला आवाज थोडा जवळ येत होता, आणि मला खरं सांगायचं तर प्रत्येक ओळीला मला पळून जावंसं वाटत होतं. शेवटच्या ओळीला ती गल्लीच्या वळणावर दिसली. भिंत धरून चालत होती. केस सुटलेले, लुगडं एका खांद्यावरून घसरलेलं, एक हात अंगापासून लांब धरलेला. दुसऱ्या हाताच्या बगलेत आमची भुलाबाई होती.

वीस पावलांवर ती थांबली. आम्ही दोघे तिच्याकडे बघत होतो आणि ती आमच्याकडे. तिच्या डोळ्यांत आनंद नव्हता. तिथे भीती होती, आमच्यासारखीच.

"दादा," ती म्हणाली, "तुमी जित्ते हायेत का?"

मीच म्हणाले, "हाव आत्या, आमी सारे हावो."

तिने भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसली.

नंतर तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. आमच्याकडून निघाली तेव्हाच तिला ताप भरला होता. भुलाबाईचे दिवस, पोरी घाबरतील म्हणून कुणाला बोलली नाही. काकांच्या घरी पोचली तर दार बंद. ते शेतात गेले असतील, येतील, म्हणून गोठ्यात टेकली आणि तिथेच तिची शुद्ध गेली. किती दिवस, तिला माहीत नाही. शुद्धीवर आली तेव्हा बगलेतली गाठ फुटली होती आणि गावात एक माणूस नव्हता. सरपटत आमच्या घरी आली. दाराला नुसती कडी होती. रांजणात पाणी होतं, कोपऱ्यात भोपळे होते. काडीपेटी नव्हती, तेल आम्ही नेलं होतं. ती अंधारातच बसायची. दिवा तिने एकदाही लावला नाही.

"माळावर रोज धूर दिसायचा," ती म्हणाली. "मसनवट्याच्या वाटंला. म्हणलं, जळून राह्यले एकामागून एक. मंग सांजच्याला तुमी पोरी गायला लागल्या. मला वाटलं, पोरी गेल्या आन् आता भुलाबाई मागायला आल्या. गानं अर्ध्यात तुटलं तं म्या पुढचं म्हणलं. अर्ध्या गान्यावर त्येंचा जीव अडकाया नगं."

"आन् पत्रावळ?" दादांनी विचारलं.

"म्हणलं, मेलेल्यांनी माझ्यासाठी घास ठिवला." तिने दादांकडे बघितलं. "भेव वाटलं. पर भूक लागल्ती."

दादा तिथेच मटकन बसले आणि रडायला लागले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

ती वाचली. माळावर तिला घेण्यावरून मोठा वाद झाला. शेवटी झोपड्यांपासून दूर तिची एकटीची खोप घातली. काका पोकळ भोपळ्याच्या तुंबडीवर तरंगत नदी उतरून आले आणि त्यांनी ती शाकारली. माय सांगितलेल्या अंतरावर भाकरी ठेवून यायची. गाठ भरून आली, बगलेत मोठा वण राहिला आणि तो हात पुरता वर जात नसे.

पण लोकांच्या मनातली तिची भीती गेली नाही ती नाहीच. दिवा पाहिलेले ते दोघे म्हणत राहिले की दिवा होता. तिने लावला नाही म्हणते, तर मग कुणी लावला? आणि तीन-चार बायका उघड म्हणायच्या की ती त्या गोठ्यातच मेली. माळावर आली ती आत्या नव्हेच. मुलींना तिच्या वाटेला जाऊ देत नसत. नवरात्रात घट बसले, दसऱ्याला माळावरच आपट्याची पानं वाटली गेली. सगळ्यांनी एकमेकांना दिली, तिच्या खोपीकडे दादा आणि काका दोघेच गेले. मी दुरून बघितलं. ते पान देऊन तिच्या पाया पडले, दोघेही तिच्याहून मोठे असून.

कोजागिरीला भुलाबाई बोळवायची होती. दुसऱ्या मुली आल्या नाहीत. माय मला म्हणाली, "चाल." तिने डबा घेतला आणि आम्ही दोघी आत्याच्या खोपीसमोर गेलो. सूर्य बुडत होता. आत्याने गाणी म्हटली, मी साथ दिली. मग मायने डबा तिच्या कानाशी नेऊन हलवला. अगदी जवळ. सांगितलेलं अंतर तिने त्या दिवशी मोडलं.

"वळखा बाई, काय हाय?"

आत्याने बराच वेळ ऐकलं. "आवाज येत न्हाई," ती म्हणाली. "रिकामाच हाय."

"रिकामाच आनला," माय म्हणाली. "मीच चुकले. गाडी जुंपताना भावजीच्या घरी बगून यायला पायजे व्हतं."

आत्याने डबा हातात घेतला, उघडला, आत बघितलं आणि झाकण लावून परत दिला.

थंडीत हुकूम झाला आणि आम्ही गावात परतलो. घरं सारवली, चुना मारला. आत्या पुन्हा पाळीपाळीने राहिली नाही. काकांच्या त्याच गोठ्याची तिने खोली करून मागितली आणि तिथे एकटी राहायला लागली. त्याच गोठ्यात तिला झोप कशी लागते, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "लागते की. हितं मी कुटं हाय ते साऱ्यांना ठावं हाय." माघात माझं लग्न झालं आणि मी सासरी गेले.

पुढे बऱ्याच वर्षांनी, रझाकारांच्या धामधुमीत, मी लेकराला घेऊन माहेरी आले होते. एके दुपारी खबर आली की शेजारचं गाव लुटलं. पुन्हा गाड्या जुंपल्या; या वेळी वऱ्हाडाच्या हद्दीत जायचं होतं. दादा म्हातारे झाले होते. धान्याचं पोतं टाकायच्या आधी ते काकांच्या वाड्यामागे गेले, आत्याला हाताला धरून आणलं आणि आमच्या गाडीत बसवलं. मग म्हणाले, "आता बाकीचं भरा."

गाडी वेशीपर्यंत गेली असेल. आत्या म्हणाली, "थांबवा." खाली उतरली आणि माघारी वळली. दादा ओरडले, "बाई, जल्दी चाल, येळ न्हाई!" तिने ऐकलं नाही. पहिल्या घरापासून तिने सुरुवात केली. कडी वाजवायची, दार ढकलून आत तोंड घालायचं, "कोनी हाय का?" म्हणून विचारायचं, थोडं थांबायचं आणि पुढच्या दाराला जायचं. वाकडा हात तसाच अंगापासून लांब. जी माणसं तिला मेलेली म्हणायची त्यांच्या घरांतही ती गेली. अशाच एका घरात अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी निघाली. तिचे लोक दोन गाड्यांतून गेले होते, आणि ती आपल्या गाडीत नाही म्हणजे दुसऱ्या गाडीत असेल, असं दोन्ही गाड्यांना वाटलं होतं.

दादांनी बैलांचे कासरे माझ्या हातात दिले आणि म्हातारीला उचलायला ते आत गेले. आत्या तोपर्यंत पुढच्या दाराला गेली होती.